पहिले हत्यार कोणते? : ताई-ची, शाओलिनची काठी आणि आपण

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत हत्याराविषयी लेख पाहून काही उपासक दचकतील. म्हणून आधी कारण सांगतो. विहाराच्या पटांगणात सकाळी ताई-चीचा वर्ग चालतो. गुडघेदुखीवाल्या बाया-बापड्यांसाठी तो सुरू झाला, आता त्यात पोरंही येतात. चोवीस हालचालींचा धडा पाठ झाल्यावर पोरांनी पुढचा प्रश्न काढला, की आता हत्यार कधी आणि पहिले कोणते? दोघा-तिघांनी लाल झुपक्याची चकचकीत तलवार विकतही आणली. लगेच बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो, तथागतांच्या दारात तलवार कशाला? दुसरा म्हणतो, बोधिधम्मानेच चीनला कुंग-फू शिकवले, मग आम्हाला का मनाई? दोन्ही बाजूंचा आवाज मोठा होता आणि पुरावा कोणाकडेच नव्हता. बाबासाहेबांनी आपल्याला लावलेली सवय अशी, की आधी पुरावा पाहायचा आणि मग तोंड उघडायचे. म्हणून हा इतिहास मांडत आहोत.

सुरुवात बोधिधम्मापासूनच करू, कारण आपल्या सभांमधून ही गोष्ट फार सांगितली जाते. शाओलिन विहार चीनच्या हेनान प्रांतात सुंग पर्वतावर आहे. पाचव्या शतकाच्या शेवटी, इ.स. ४९५-९६ च्या सुमारास, उत्तर वेई घराण्याचा राजा श्याओवेन याने तो बांधून दिला, तो बुद्धभद्र नावाच्या परदेशी भिक्खूसाठी. चिनी लोक त्याला 'बातुओ' म्हणतात आणि भारतीय मानतात. बोधिधम्म त्यानंतरचा. त्याने व्यायाम शिकवला असे ज्या ग्रंथाच्या आधारे सांगतात तो 'यीजिन जिंग' सतराव्या शतकात रचला गेला. त्याला सातव्या शतकातल्या एका सेनापतीच्या नावाने प्रस्तावना जोडली होती. ती बनावट आहे हे चिनी विद्वानांनीच दाखवून दिले. म्हणजे बोधिधम्म आणि हजार वर्षांनंतरची ती पोथी यांची गाठ कोणीतरी मागाहून मारली. ध्यानाची परंपरा त्याच्या नावाने आहे, तेवढी पुरे. पुराणातल्या खोट्या कथा आपण उघड्या पाडायच्या आणि आपल्या आवडीची खोटी कथा मात्र गळ्यात घालून मिरवायची, हे बरोबर नाही.

मग शाओलिनचे भिक्खू लढले हे खोटे काय? ते खरे आहे. इ.स. ६२१ साली ली शिमिन, म्हणजे पुढचा तांग सम्राट ताईझोंग, लोयांगच्या वांग शिचोंगशी लढत होता. तेव्हा शाओलिनच्या भिक्खूंनी त्याला मदत केली. विहारात ७२८ सालचा शिलालेख आहे, त्यावर तेरा भिक्खूंची नावे कोरली आहेत. विहाराच्या जमिनीचा प्रश्न होता म्हणून ते लढले. त्या शिलालेखात लढाईची हकीकत आहे, पण कोणते हत्यार वापरले याचा उल्लेख नाही. आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. ह्युएन त्संग आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला, इथले लोक मानी आणि लढाऊ आहेत असे त्याने लिहिले. तो त्याच परिसरात जन्मलेला. भारतातून परतल्यावर शाओलिनमध्ये बसून ग्रंथांचे भाषांतर करू द्या अशी विनंती त्याने सम्राटाला केली होती. सम्राटाने ती मान्य केली नाही. शाओलिन म्हटले की आपल्या पोरांना उड्या मारणारे भिक्खू दिसतात. ह्युएन त्संगला मात्र तिथे शांतपणे लिहायला जागा दिसत होती.

शाओलिनचे नाव ज्या हत्याराने झाले ते हत्यार काठी होय. चिनी भाषेत 'गुन'. तिच्या उगमाची एक कथा तिथे सांगतात. चौदाव्या शतकात, मंगोलांची सत्ता ढासळत असताना, लाल फेटेवाल्या बंडखोरांनी विहारावर हल्ला केला. तेव्हा स्वयंपाकघरात राबणारा एक साधा गडी चुलीतले लाकूड सारायची काठी घेऊन बाहेर आला, राक्षसाएवढा मोठा झाला आणि त्याने सगळ्यांना पळवून लावले. नंतर म्हणे कळले, की हा किन्नरांचा राजा. कथा ती कथाच. उलट बंडखोरांनी विहाराची नासधूस केली असाच इतिहास आहे. पण ही कथा रचणाऱ्याने वीर कोण निवडला, बघा. महास्थविर नाही, सेनापती नाही, चुलीपुढचा नोकर निवडला. आणि हत्यार निवडले तेही कामाचे, हाताशी असलेले. कष्टकऱ्याच्या हातात कामाचे अवजार असते, गरज पडली की तेच हत्यार होते. आम्हाला ही कथा खोटी असूनही आवडते, पण कथा म्हणूनच.

सोळाव्या शतकात मात्र पक्का पुरावा मिळतो. चीनच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांनी धुमाकूळ घातला होता. १५५३ साली भिक्खूंच्या तुकड्या त्यांच्याशी लढल्या आणि त्यांच्या हातात लोखंडी काठ्या होत्या. त्याच काळात यू दायू नावाचा सेनापती (१५०३-१५७९) काठीचा मोठा जाणकार होता. त्याने एक पुस्तक लिहिले, नाव 'तलवारीचे सूत्र' आणि आत सगळी काठी! नाव मानाचे आणि माल कामाचा. यू दायू शाओलिनला गेला तेव्हा तिथल्या काठीत पहिला कस उरला नाही असे त्याचे मत झाले. म्हणून दोन तरुण भिक्खूंना तो आपल्याबरोबर दक्षिणेला घेऊन गेला आणि वर्षानुवर्षे शिकवून परत पाठवले. मठातली विद्या सैनिकाने दुरुस्त केली. परंपरा म्हणजे एका तोंडातून दुसऱ्या कानात जशीच्या तशी जाते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता आपला मूळ प्रश्न, पहिले हत्यार कोणते? याचे उत्तर यू दायूने सरळ देऊन ठेवले आहे. चीनमध्ये शिकणाऱ्या प्रत्येकाला कन्फ्युशियसपंथाचे चार ग्रंथ आधी वाचावे लागत, मग एखादे मोठे सूत्र घेऊन त्यात पारंगत व्हायचे. यू दायूच्या म्हणण्याप्रमाणे काठी ही त्या चार ग्रंथांच्या जागी आहे आणि तलवार, भाला वगैरे एकेक सूत्राच्या जागी. बाराखडी आधी, पोथी मागून. आमच्या सूतखात्यात नवा पोरगा आधी डॉफर व्हायचा, भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवायचा. सायडरचे काम त्याच्या हाती मागाहून यायचे. कोणी त्याला कमीपणा मानत नसे. बोटांना यंत्राची चाल कळल्याशिवाय तुटलेला धागा सांधता येत नाही.

चिनी आखाड्यांतून एक म्हण चालते. काठीला महिना, दाओला वर्ष, भाल्याला सारा जन्म. 'दाओ' म्हणजे एका अंगाला धार असलेली वाकडी तलवार, आपली समशेर म्हणा. 'जिएन' म्हणजे सरळ, दोन्ही अंगांना धार असलेली, आपल्या खांड्याच्या जातीची पण हलकी. भाल्याला ते 'छिआंग' म्हणतात. महिन्यात काठी येते असा शब्दशः अर्थ नको. चढण कशी आहे तेवढे त्यातून कळते.

या दोन तलवारींचा इतिहास आमच्या दृष्टीने सर्वात बोलका आहे. प्राचीन चीनमध्ये सैनिकाकडे जिएनच असे. घोडदळ वाढले तसा टोचण्यापेक्षा घाव घालण्याला भाव आला. दोन्हीकडे धार असलेले लांब पाते बनवायला कठीण आणि मोडायला सोपे. दाओची पाठ जाड, एकच धार, लोहाराला बनवायला सोपी, शिपायाला शिकायला सोपी. हान घराण्याच्या काळात दाओने सैन्यातून जिएनला हुसकावले. मग जिएन गेली कुठे? अधिकाऱ्यांच्या कमरेला, पंडितांच्या भिंतीवर आणि ताओपंथी पुरोहितांच्या विधीत. ती 'सज्जनांचे' हत्यार झाली. दाओ राहिली शिपायाच्या हाती, पार विसाव्या शतकापर्यंत. १९३३ साली चीनच्या भिंतीजवळ शीफेंगको इथे एकोणतिसाव्या सेनेचे शिपाई जपानी फौजेवर रात्री चालून गेले, ते पाठीवर रुंद दाओ बांधून. काठी शेतकऱ्याची आणि भिक्खूची, दाओ शिपायाची, जिएन साहेबाची. वर्णव्यवस्था आपल्याकडे पोथीत लिहिलेली होती, तिकडे ती अशी हत्यारांच्या मानपानातून डोकावते. आणि आपल्या पोरांनी बाजारातून आणली कोणती? साहेबाची!

ताई-ची या सगळ्यात कुठे बसते? काहीजण तिचा कर्ता म्हणून चांग सानफेंग नावाच्या ताओपंथी योग्याचे नाव घेतात. तांग हाओ (१८९७-१९५९) या अभ्यासकाने ते मान्य केले नाही. तो हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ या गावी जाऊन तिथले कागद पाहून आला आणि सतराव्या शतकातल्या चेन वांगटिंगपर्यंत माग काढला. हा मिंग राजवटीच्या अखेरचा लष्करी माणूस होता. शाओलिनही याच प्रांतात. चेन घराण्याच्या जुन्या प्रकारांची बरीच नावे सेनापती छी जिग्वांगच्या (१५२८-१५८८) पुस्तकातल्या बत्तीस पवित्र्यांशी जुळतात, हेही तांग हाओने दाखवले.

या छी जिग्वांगपाशी थोडे थांबले पाहिजे. चाच्यांशी लढायला त्याने सैन्य उभारले ते यीवू भागातले शेतकरी आणि खाणकामगार घेऊन. शहरातल्या गुळगुळीत बोलणाऱ्या, चमकणाऱ्या माणसांवर त्याचा भरवसा नव्हता. त्याला काळवंडलेली, खरबरीत हातांची, कष्टाची सवय असलेली माणसे हवी होती. त्यांची त्याने बारा-बारा जणांची टोळी केली, त्यात एक स्वयंपाकीसुद्धा मोजलेला. आणि हत्यार देताना माणूस पाहिला. चपळ असेल त्याला वेताची ढाल. अंगाने दणकट असेल त्याला फांद्यांसकट बांबूचे लांबलचक हत्यार. ज्याची छाती आणि समज पक्की त्याला भाला. 'मला हे आवडते' याला तिथे किंमत नव्हती. हातापायांचा नुसता व्यायाम, म्हणजे मुष्टीचे पवित्रे, त्याने पुस्तकात शेवटाकडे ठेवले आणि लिहिले की लढाईत याचा फारसा उपयोग नाही, पण नवशिक्याचे हातपाय वळवायला हे बरे. म्हणजे त्या काळी रिकाम्या हाताचा खेळ ही हत्याराची पूर्वतयारी होती. आज उलटे झाले. रिकामा हात म्हणजे मुख्य विद्या, आणि हत्यार म्हणजे वरची फोडणी.

हा उलटा फेरा कसा झाला तेही पाहू. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान (१७९९-१८७२) चेन गावात शिकला आणि पुढे पेकिंगला जाऊन शिकवू लागला. तोवर बंदुका-तोफांनी तलवारीचा कारभार संपवत आणला होता. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३-१९३६) याने ताई-चीला आज दिसते ते सावकाश, सलग रूप दिले आणि ती प्रकृतीसाठी सर्वसामान्यांत पसरली. १९४९ च्या क्रांतीनंतर सरकारने १९५६ साली चोवीस हालचालींचा सोपा धडा बसवला. आपण पटांगणात करतो तो हाच. पाठोपाठ १९५७ साली बत्तीस हालचालींचा तलवारीचा धडा आला, तोही जिएनचा. झाले! बागाबागांतून चोवीसनंतर बत्तीस, हातानंतर तलवार असा रिवाज पडला आणि तोच जगभर गेला. आज कोणी 'ताई-चीत पहिली तलवारच असते, ही प्राचीन परंपरा' असे म्हणाला तर समजावे की ही परंपरा १९५७ सालची आहे. तो धडा वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. म्हाताऱ्या माणसाला हलकी तलवार पेलते, जागा कमी लागते, मन रमते. २०२० साली युनेस्कोने ताई-चीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले, त्यात या बागांमधल्या लोकांचा वाटा मोठा आहे.

पण शिकण्याच्या बाजूने पाहा. जिएनचा सगळा जीव टोकात असतो. कमरेतून निघालेले बळ खांदा, कोपर, मनगट या तीन सांध्यांतून गळती न होता टोकापर्यंत पोचले पाहिजे. नवशिक्याचे बळ मनगटातच अडकते, मग तो मनगट फिरवतो आणि बघणाऱ्याला वाटते वा, काय खेळतो! दाओ त्या मानाने प्रामाणिक, अंगाचे वजन मागते. पण तिथेही रिकाम्या हाताचा घोळ. चिनी जाणकार सांगतात, एकेरी दाओ खेळणाऱ्याची दाओ पाहू नका, दुसरा हात पाहा. नवशिक्याचा तो हात लोंबत राहतो किंवा पात्याच्या वाटेत येतो. काठीला दोन्ही हात लागतात. दोन हात एका लाकडाला बांधले गेले की कंबर वळल्याशिवाय काठी वळतच नाही. चूक झाली तर लगेच दिसते, लपवायला झुपका नसतो. चेन घराण्यात माणसाच्या दुप्पट लांबीचा वासा नुसता पेलून हलवायचा सराव करून घेतात, त्यामागेही हेच.

आपल्याकडचे आखाडेही या बाबतीत वेगळे नव्हते. फरी-गदगा कशाला होता? कातड्याने मढवलेला सोटा आणि छोटी ढाल. तलवारीचे हात शिकायचे, पण तलवारीने नाही.

आता दुसऱ्या तटाकडे वळू. विहारात हत्यार चालते का? विनयातले सेखिय नियम वाचावेत. ज्याच्या हातात काठी आहे, ज्याच्या हातात शस्त्र आहे, ज्याच्या हातात आयुध आहे, अशा माणसाला भिक्खूने धम्म सांगू नये. आजारी माणसाचा अपवाद आहे, त्याला काठीचा आधार लागतो. आजारी भिक्खूला काठी वापरायची तर संघाची संमती घ्यावी लागे. चीनच्या महायानी परंपरेतही बोधिसत्त्वांच्या शीलांत शस्त्रे बाळगायला मनाई आहे, म्हणजे शाओलिनचे भिक्खू त्यांच्याच शीलाशी ओढाताण करत जगत होते. त्यांच्यावर त्यांच्या काळातही टीका झाली. शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये हे अंगुत्तरनिकायात स्पष्ट आहे. धम्मपदात तर दण्डवग्ग नावाचा आख्खा वग्ग आहे. मात्र अहिंसा म्हणजे हात बांधून मार खाणे, असा अर्थ बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केलेला नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आहे. सेखिय नियमाचा शब्द नीट पाहिला तर तो 'हातात' असा आहे. हातातले खाली ठेव, मग बस आणि ऐक.

काठीशी आपले नाते आणखी खोल आहे, तेही लिहायला हवे. आपल्या वाडवडिलांच्या हातात काठी होतीच. येसकराची घुंगुरकाठी! गावाची राखण करायची, सारा गोळा करणाऱ्याच्या पुढे धावायचे आणि दारोदार भाकर मागायची, त्या वतनाची ती खूण. तिचे घुंगरू वाजले की लोकांना कळायचे, महार आला. १९२८ साली बाबासाहेबांनी कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले ते या गुलामीच्या मुळावर घाव घालायला. आणि त्याच सुमारास, १९२७ च्या महाडच्या लढ्याच्या काळात, समता सैनिक दल उभे राहिले. त्या सैनिकांच्या हातातही काठी होती. लाकूड तेच, घुंगरू तेवढे गेले होते. ज्यांना तलवारीची हौस आहे त्यांना आमचे सांगणे, की तुमच्या आज्या-पणज्यांनी जे हत्यार गुलामीतून सोडवून आणले ते आधी धरायला शिका.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. शस्त्र अधिनियम १९५९ खाली नऊ इंचांहून लांब पात्याच्या धारदार हत्यारावर बंधने आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत कोणी तलवार नाचवली, फोटो निघाला, की गुन्हा दाखल होतो. पैसेवाल्याचा पोरगा सुटतो. आपल्या पोराची पोलीस भरती, रेल्वे भरती तिथेच अडते. जमावबंदीच्या हुकुमात काठ्याही येतात, म्हणून ती मिरवणुकीत न्यायची नाही. तिची जागा सरावाचे पटांगण, बस्स.

बैठकीत हे सगळे वाचून दाखवले. थोडी कुरबुर झाली, मग ठरले की पहिले वर्ष काठीच. लांबी ज्याच्या त्याच्या भुवईइतकी, चीनमध्ये भुवईच्या उंचीची काठी प्रसिद्ध आहे. मुठीत धरल्यावर अंगठा मधल्या बोटाला टेकला पाहिजे, एवढी जाडी. तिकडे पांढरे लवचिक लाकूड वापरतात, बुंध्याला जाड आणि टोकाला निमुळते. आपल्याकडे भरीव बांबू चालेल, फक्त पेरे तासून, काचेने खरवडून तेल पाजायचे, नाहीतर हातात कुसळे जातात. बायकांच्या वर्गासाठी वेताची हलकी काठी. दुसऱ्या वर्षी दाओ, तीही लाकडी. जिएनचे पुढे पाहू. विकत आणलेल्या त्या तलवारी पोरांनी दुकानदाराला परत केल्या, त्याने निम्मेच पैसे दिले.

सध्या आठ काठ्या तयार आहेत. त्या विहाराच्या बाहेर, चपलांच्या मांडणीशेजारी उभ्या असतात. वंदनेला आत जाताना कोणी नेत नाही.